दोन गुडघ्यांचा निकाल

माझ्या बायकोच्या गुडघ्यांवरून दोन डॉक्टर वर्षभर भांडत होते. एवढी शिकलेली माणसं भांडली की त्याला अभ्यास म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आमच्या चाळीत नळावर बायका रोज भांडतात, त्यांना बिचाऱ्यांना असा मान कोणी दिला नाही.

मी धाकू मेस्त्री. गाव मालवणकडचं, पण आयुष्य गेलं विक्रोळीत. इथल्या एका मोठ्या कारखान्यात टूलरूमला एकतीस वर्षं काढली. कुठला भाग किती घट्ट बसवायचा, कुठला किती सैल सोडायचा, हेच माझं काम. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याची चूक मला नुसत्या बोटाला कळायची. पंच्याऐंशी साली रिटायर झालो तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, "मेस्त्रींच्या नजरेतून काही सुटत नाही." मी मान खाली घालून हार गळ्यात घेतला, पण मनातून म्हटलं, खरं आहे बाबा. ते वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल.

बायको सुगंधा. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. रिटायर होऊन मी घरी बसलो आणि पहिल्यांदा दिवसाउजेडी तिला चालताना बघितलं. डुलत चालायची, भिंतीला हात लावत. म्हटलं, हे कधीपासून? तर म्हणाली, "झाली चार वर्सां." चार वर्षं मी फर्स्ट शिफ्टला होतो, सेकंड शिफ्टला होतो, गुडघे बघायची शिफ्ट मला लागली नव्हती.

मग उपाय सुरू झाले. निर्गुडीचा पाला बांधून झाला. गोराईची चंपा कोळीण आमच्या गल्लीत मासे घेऊन यायची, तिने मुशीच्या माशाचं तेल आणून दिलं. त्याने गुडघे तसेच राहिले, पण शेजारच्या दोन खोल्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं.

आणखी एक गोष्ट घरी बसल्यावर माझ्या लक्षात आली. सुगंधा तशी देवभोळी नव्हे. उदबत्ती ओवाळताना तिचा एक डोळा कायम दुधाच्या टोपावर. पण आता बघतो तर बाई सोमवार धरते, गुरुवार धरते, शनिवार धरते, मधे चतुर्थी आली तर तीही सोडत नाही. उपास तरी कसला? आमच्यात उपासाला माणूस दुप्पट खातो. ही अर्धं केळं खायची आणि दोन घोट पाणी प्यायची. दुपारी चारला मी चहा टाकला की म्हणायची, "माका नको." ज्या बाईने अडतीस वर्षं चहाला उशीर झाला म्हणून माझं डोकं खाल्लं, ती चहा नको म्हणते. मी चिडवायचो, "काय गो, वैकुंठाचं तिकीट काढतंस काय? माझं पण एक काढ." ती हसायची नाही. मला वाटलं, भक्ती वाढली की माणसाला विनोद कळत नाहीसा होतो.

शेवटी तिला घाटकोपरला एका धर्मादाय इस्पितळात घेऊन गेलो. इस्पितळाचं नाव सांगत नाही, ते अजून आहे आणि मला अजून बीपी आहे, कधी जावं लागेल सांगता येत नाही.

तिथं हाडांचे दोन डॉक्टर. मोठे ते डॉक्टर चंद्रप्रकाश टिपणीस. पन्नाशीचे, पांढरे केस चप्प बसवलेले, बोलायला लागले की स्वतःच स्वतःचं ऐकत बसायचे. धाकटे डॉक्टर शिवदास रेगे, नुकतेच विलायतेत दोन वर्षं काढून आलेले. त्यांचं प्रत्येक वाक्य "तिकडे" या शब्दाने सुरू व्हायचं. तिकडे असं नसतं, तिकडे तसं करतात. इकडे काय असतं ते त्यांना आठवत नसावं.

टिपणीसांनी एक्सरे उजेडाला धरला आणि सांगितलं, "दोन्ही गुडघ्यांची आतली बाजू झिजली आहे. बाहेरची बाजू चांगली आहे. तेव्हा पूर्ण सांधा काढायची गरज नाही, अर्धाच बदलू."

"अर्धोच?" सुगंधा म्हणाली.

"अर्धाच," टिपणीस म्हणाले. "जेवढं खराब तेवढंच बदलायचं."

मला हे फार आवडलं. आमच्याकडे नवीन पोरं आली की एक बुश झिजला तरी अख्खं मशीन उघडून बसायची. हा माणूस कामातला होता. मग त्यांनी एका ट्रेमध्ये धातूचे आणि प्लास्टिकचे तुकडे आणले, आणि तिथून माझी वाट लागली.

दोन डिझाइनं होती. टिपणीसांचं फिक्स. मांडीच्या हाडाच्या टोकाला धातूची गुळगुळीत कमान बसवायची, खाली नडगीच्या हाडावर प्लास्टिकची सपाट चकती सिमेंटने पक्की चिकटवायची. कमान चकतीवरून घसरणार, चकती जागची हलणार नाही. रेग्यांचं हलतं. वर गोल धातू, खाली धातूची पाटी, आणि मधे प्लास्टिकची सुटी गादी. गुडघा वाकला की गादी मागं सरकते, सरळ झाला की पुढं येते.

काही म्हातारे खिशात तपकिरीची डबी ठेवतात, मी व्हर्नियर ठेवतो. तो काढला आणि चकतीची जाडी मोजली. नर्स ओरडली, "अहो, हात नका लावू." टिपणीस म्हणाले, "राहू दे सिस्टर, हे फक्त दाखवायचे आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय वाटतं मेस्त्री?"

एकतीस वर्षांत कुठल्या साहेबाने मला असं विचारलं नव्हतं. मी सुटलोच.

"सपाट चकतीवर गोल कमान टेकली की सगळा भार एवढ्याशा जागेवर येणार," मी म्हटलं. "प्लास्टिकला खड्डा पडणार."

रेगे खूश झाले. "तिकडे हेच म्हणतात."

"पण तुमच्यात एक भाग जास्त," मी त्यांना म्हटलं. "सुटी ठेवलेली वस्तू कधीतरी निसटणार. मशीनमध्ये हलणारं जेवढं कमी तेवढं बरं."

आता टिपणीस खूश झाले. दोघांनाही मी पसंत पडलो. लग्नाच्या वेळी सासऱ्यांना पडलो नव्हतो.

हे सगळं चाललं होतं तेव्हा सुगंधा टेबलाच्या कडेला पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, माका खाली बसूक येतला काय?"

टिपणीस हसले. "आजी, खाली बसायचंच कशाला? जमिनीवर बसणं हाच आपल्या देशाचा आजार आहे. खुर्ची वापरा."

"तिकडे कोणी खाली बसतच नाही," रेगे म्हणाले.

"तसा नाय, पण," सुगंधा म्हणाली, आणि तीन पुरुषांकडे बघून थांबली. तिच्या कपाळाला घाम आला होता. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "अगो, त्यांना त्यांचं काम करू दे." व्हर्नियर तेव्हाही माझ्या हातात होता.

मग त्या दोघांच्या डोक्यात एकाच वेळी एकच विचार आला. एकच बाई, एकच वजन, एकच चाल, दोन्ही गुडघे सारखेच झिजलेले. उजव्यात फिक्स टाकू, डाव्यात हलतं टाकू, आणि वर्षभर बघू कोणतं सरस. असा पेशंट म्हणे लाखात एक मिळतो. तुकडे कंपन्यांकडून फुकट येणार होते, ऑपरेशन इस्पितळ करणार होतं. मी लगेच हो म्हटलं. सुगंधालाही विचारलं, नाही असं नाही. बाहेर पडताना म्हटलं, "चलेल ना गो?" ती म्हणाली, "तुमका चलता तर चलता." ह्याला आमच्यात बायकोची परवानगी म्हणतात.

अभ्यास म्हटला की फॉर्म आला. रेग्यांनी तो तिकडून आणला होता आणि कोणाकडून तरी मराठीत करून घेतला होता. तीस प्रश्न. दर महिन्याला भरायचा. जिना चढताना त्रास होतो का, दुकानात जाता येतं का, हे ठीक. पण पुढं विचारलं होतं, मोटारगाडीतून उतरताना त्रास होतो का. बाथटबमधून बाहेर येताना आधार लागतो का. बागकाम किती वेळ करता. आमच्या चाळीत बावीस खोल्या. बाग म्हणाल तर शेजारच्या शकुच्या दारात डालड्याच्या डब्यात तुळस होती.

फॉर्म मीच भरायचो. सुगंधाला वाचता येत होतं, पण मला वाटलं टेक्निकल काम आहे. मी दुपारचा चष्मा लावून बसायचो, ती तिकडे चौरंगावर बसून विळी दुसऱ्या चौरंगावर ठेवून भेंडी चिरायची. बाथटब, लागू नाही. मोटार, लागू नाही. एकदा तिने विचारलं, "खाली बसूचा काय लिवलाहा काय त्यात?" मी तीसही प्रश्न पुन्हा वाचून बघितले. म्हटलं, "नाही गो, तसला प्रश्न नाही." ती म्हणाली, "बरा." आणि भेंडी चिरत राहिली. तीस प्रश्न ज्याने केले त्याला सगळं कळत असणार, असं मी धरून चाललो होतो.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत उजवा गुडघा झाला. फिक्स. अठरा दिवस इस्पितळात होती. चौथ्या दिवशी तिला उभं केलं, वॉकर दिला, खाटेपासून मोरीपर्यंत चालवलं. पाचव्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर बाईने सगळा डबा संपवला आणि विचारलं, "सोलकढी नाय आणलास?" सहाव्या दिवशी इस्पितळाचा चहा दोनदा घेतला. गुरुवार आला, उपास नाही. शनिवार आला, उपास नाही. गाल वर आले, चेहऱ्यावर तुकतुकी आली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती नकला करून दाखवत होती, आणि नक्कल टिपणीसांची होती.

मी वही काढली आणि लिहिलं, फिक्स डिझाइन, पाचव्या दिवसापासून भूक वाढली. टिपणीसांना दाखवलं. ते खुर्चीत सरसावून बसले. "हे महत्त्वाचं आहे मेस्त्री. वेदना गेली की भूक येते." त्यांनी माझ्या वहीतून ते उतरवून घेतलं. माझं नाव कुठे येईल का, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू.

घरी सोडायच्या दिवशी सुगंधा नर्सला म्हणाली, "आणि चार दिवस ठेवा ना माका." इस्पितळात राहायला मागणारी बाई मी पहिलीच बघितली. मला राग आला. म्हटलं, नवऱ्याच्या घरी काय कमी आहे हिला? रिक्षात बसल्यावर तसं बोललोही. ती हायवेकडे बघत बसली.

निघताना दोन्ही डॉक्टरांनी बजावलं होतं, काही झालं तरी उकिडवं बसायचं नाही. टिपणीस म्हणाले, फिक्स उखडेल. रेगे म्हणाले, पुढं डाव्यात हलतं बसवलं की ते तर निसटेलच. ऑपरेशननंतर त्या दोघांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट.

घरी आली आणि आठ दिवसांत पुन्हा सोमवार, गुरुवार, शनिवार. मे महिन्यात डावा गुडघा झाला, हलतं डिझाइन. पुन्हा इस्पितळ, पुन्हा पाचव्या दिवशी डबा साफ, पुन्हा दोन वेळा चहा. आता रेग्यांनी माझ्या वहीतून उतरवून घेतलं. पुन्हा घरी आली, पुन्हा अर्धं केळं. टिपणीस म्हणाले, डाव्यातलं ते सरकणारं प्रकरण तिला सोसत नाही, म्हणून अन्न जात नाही. रेगे म्हणाले, उजव्यातलं घट्ट प्रकरण जड जातंय. मी दोन्ही बाजू मांडून वजनाचा तक्ता केला, लाल आणि निळ्या पेन्सिलीने. आठ महिन्यांत बायकोचं वजन सहा किलोने उतरलं आणि माझा तक्ता मोठा झाला. त्या तक्त्याचं मला कौतुक होतं, हे आज सांगताना जीभ अडते.

गुडघे मात्र बरे होते, हे सांगितलंच पाहिजे. दुखणं गेलं. डुलणं गेलं. सुगंधा बाजारात जाऊन बांगडे घेऊन यायची, जिना चढायची, नळावर उभी राहून भांडायची.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत निकालाची सभा भरली. इस्पितळाच्या हॉलमध्ये चाळीसेक डॉक्टर आले होते. दक्षिण मुंबईतून एक फार मोठे डॉक्टर आले होते, ज्यांच्यासमोर टिपणीससुद्धा उभं राहून बोलत होते. पहिल्या रांगेत मला खुर्ची होती. सुगंधा हिरवी नऊवारी नेसून आली होती, लेकीच्या लग्नातली. तिला स्टेजवर चालवलं, लाकडी पायऱ्या चढवल्या, उतरवल्या, गुडघा वाकवून सरळ करायला लावलं. पडद्यावर एक्सरे लावले. टिपणीस वीस मिनिटं बोलले, रेगे पंचवीस. माझा तक्तासुद्धा पडद्यावर आला, लाल आणि निळा, भूक आणि वजन. मी मागं वळून बघितलं, लोक लिहून घेत होते.

मग ते मोठे डॉक्टर उठले आणि म्हणाले, "इतकं झालं, आता पेशंटलाच विचारू की. बाई, तुम्हीच सांगा. दोनांतला कोणता गुडघा चांगला?"

वर्षभरात तिला काही विचारायची ही पहिली वेळ. टिपणीसांनी टाय नीट केला, रेग्यांनीही केला. सुगंधाने एकदा माझ्याकडे बघितलं. इस्पितळात पहिल्या दिवशी ती जशी तीन पुरुषांना बघून थांबली होती, तशी थांबेल असं मला वाटलं. इथं तर चाळीस होते. पण माणसाची लाज किती दिवस पुरते? तिची संपली होती.

"दोनय बरे आसत," ती म्हणाली. "दुखणा गेला, तुमचे उपकार झाले. पण माका इचारशात तर माका तुमच्या इस्पितळातलो संडास आवडलो. खुर्चीसारखो. थंय बसूक भीती वाटत नाय, उठूक दोरी लागत नाय. तो घरी द्येवा माका."

हॉल हसला. मोठे डॉक्टरही हसले. सुगंधा हसली नाही, ती पुढं बोलत राहिली. "हसू नकात. आमच्या चाळीत चार संडास, चारय खाली बसायचे. आदी दुखण्यान बसूक येय नाय, मगे तुमी सांगितलास उकिडवा बसू नको, गुडघो निसटात. मग माणसान करूचा काय? मी जेवकच सोडलंय. कमी खाल्ला तर कमी जावचा लागता. चाय सोडली, पाणी सोडला. देवाचा नाव सांगतंय, देव काय ओरडत येवचो नाय."

मोठे डॉक्टर सेक्रेटरीकडे वळून म्हणाले, "पेशंट मोकळ्या स्वभावाची आहे, हे चांगलं आहे." आणि निकाल सांगितला. दोन्ही डिझाइनं सारखीच उत्तम आहेत, आणखी अभ्यास व्हायला हवा. टाळ्या झाल्या. नंतर समोसे होते.

मी समोसा खाल्ला नाही. पडद्यावर तो तक्ता अजून तसाच होता. पाचव्या दिवशी भूक का वाढली, घरी आली की का जायची, सगळं त्या लाल आणि निळ्या रेघांत स्वच्छ लिहिलेलं होतं आणि ते मीच लिहिलं होतं. फिक्सने नाही, हलत्याने नाही, कमोडने माझ्या बायकोला जेवायला घातलं होतं. मला त्या हॉलमध्ये इतकी लाज वाटली, की समोर कोण काय बोलतंय ते ऐकू येईना.

घरी आल्यावर सुगंधा कपडे बदलायला आत गेली आणि मी शकुच्या दारात गेलो. शकु आमची शेजारीण, सुगंधाची खास. म्हटलं, "शकु, ती दोरी काय म्हणत होती गं?"

"तुम्हाला माहीत नाही?" शकु म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वासच बसेना. मग ती मला गॅलरीच्या टोकाला घेऊन गेली, बायकांच्या दुसऱ्या संडासाचं दार ठोठावून बघितलं, आणि म्हणाली, "जा आत काका, मी उभी आहे इथं. कोणी विचारलं तर सांगेन नळ दुरुस्त करतायत."

आत पाण्याच्या पाइपला नायलॉनची दोरी बांधलेली होती. कपडे वाळत घालायची, निळी. दोन ठिकाणी गाठी मारलेल्या, हात घसरू नये म्हणून. धरून धरून गाठींवरचा रंग गेला होता. ही दोरी चार वर्षं जुनी, शकुने बाहेरून सांगितलं, ऑपरेशनच्याही आधीची. मी पाइप हलवून बघितला. भिंतीतला क्लॅम्प सुटला होता, एकच खिळा धरून होता, तोही गंजलेला. कुठल्याही सकाळी पाइप हातात आला असता आणि माझी बायको तिथं मागं पडली असती. मेस्त्रींच्या नजरेतून काही सुटत नाही.

मी घरी आलो. सुगंधा खाटेवर बसून बांगड्या उतरवत होती. मी टेप काढला. व्हर्नियर या कामाला लहान पडतो.

"काय करतास?" ती म्हणाली.

"किती उंच हवं तुला?" मी विचारलं.

"काय?"

"बसायला. संडासात. किती उंच ठेवू?"

तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "आता इचारतास?" मी खाली बसून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत माप घेतलं. साडेसोळा इंच. दोन डॉक्टर आणि एक टूलरूमवाला मिळून वर्षभर तिचा गुडघा मोजत होते, हे एवढं माप राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुंडलिककडे गेलो. कुंडलिक मूळचा साताऱ्याकडचा, आमच्या कारखान्यातला वेल्डर, अजून नोकरीत, पण घराबाहेर शेडमध्ये स्वतःचं वेल्डिंगचं मशीन. कागदावर ड्रॉइंग दिलं. चार पाय, पायांना रबराचे बूट, मधे भोक, दोन बाजूंना धरायला पाइप.

"काय आहे हे धाकू?" तो म्हणाला.

मी सांगितलं. आडपडदा न ठेवता, उपासांसकट. आधी मला वाटलं हसेल. त्याने कागद हाताने सपाट केला. मग म्हणाला, "यार, दोन करूया. आमची आई पण हल्ली संध्याकाळची जेवत नाही. आम्ही म्हणत होतो वय झालं."

दोन केले. आईचं माप त्याने घरी जाऊन घेतलं, चौदा इंच.

आता स्टूल संडासात ठेवून देता येत नाही, चाळ कमिटीने तसं लेखी कळवलं, कारण इतर एकवीस खोल्यांचे गुडघे शाबूत आहेत. म्हणून रोज सकाळी मी ते उचलून गॅलरीच्या टोकाला नेतो, आत नीट टेकवतो, हलतंय का बघतो, बाहेर येऊन पाठ करून उभा राहतो. मग धुऊन परत आणतो. पहिल्या दिवशी पूर्ण गॅलरी बघायला उभी होती. नाना चिपकर, जे स्वतः भिंत धरून चालतात, ते म्हणाले, "काय मेस्त्री, हे कुठलं नवीन डिझाइन?"

"फिक्स," मी म्हटलं. "पाहिजे असेल तर माप घेऊन ठेवतो."

ते कुजकट हसले. चौथ्या दिवशी स्वतःची बायको झोपल्यावर येऊन हळूच विचारून गेले.

टिपणीस आणि रेग्यांचा तो लेख पुढं कुठल्याशा मोठ्या मासिकात छापून आला. एक प्रत पोस्टाने आली. इंग्रजीत होता, पण माझा तक्ता मी ओळखला. खाली माझं नाव नव्हतं, सुगंधाचंही नव्हतं. तिला दाखवला तर म्हणाली, "संडासाचा लिवलाहा काय?" मी शेवटपर्यंत बोट फिरवून बघितलं. म्हटलं, "नाही." तिने तो कागद घेतला, त्रिकोणी दुमडला आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल एकदम घट्ट बसलं.

तो गुरुवार होता. चार वाजता मी सवयीने एकाच कपाचं पाणी मोजून टोपात ओतलं आणि स्टोव्ह पेटवला.

"माका पण," ती खाटेवरून म्हणाली. मी अर्धा कप पाणी वाढवलं. "अर्धो नको," ती म्हणाली, "भरान टाका."